शेऱ्याचा रकाना

एका माणसाच्या गोपनीय अहवालात मी 'प्रणालीत खोटी नोंद करतात' असे लिहिले, त्याला आता काही वर्षे झाली. वाक्य चार शब्दांचे आहे. ते लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नसेल. ते पुसण्यासाठी पुढे काय करावे लागले, आणि जे वेळेवर करायचे ते मी का केले नाही, हे आता सेवेची थोडी वर्षे उरली असताना नीट लिहून ठेवावे असे वाटते.

मी इमारतींच्या बांधकामाचा अभियंता. नोकरीचा बहुतेक काळ लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत गेला. आमच्या कार्यालयाकडे निवासी शाळा आणि वसतिगृहे बांधण्याचे काम असे. मुरुडसारख्या मोठ्या गावात एखादी इमारत, तर किनवटच्या जंगलपट्ट्यात एकेका खेड्यात एकेक. मुख्य कार्यालय लातूरला. तिथून किनवटकडचे एक वसतिगृह पाहून परत यायचे तर दोन दिवस मोडत. त्यामुळे कोणते काम कुठवर आले हे आम्हाला फोनवरच कळे, आणि फोनवर माणूस आधी तब्येत विचारतो, मग पाऊसपाणी, मग काम सांगतो. वरिष्ठांना हे पसंत नव्हते. सगळ्या कामांची स्थिती एका पडद्यावर दिसावी अशी संगणकप्रणाली तयार करायचे ठरले आणि तिची जबाबदारी माझ्याकडे आली.

मी ती उत्साहाने घेतली. प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीची माणसे आणि मी असे तीन आठवडे एका थंड खोलीत बसलो. प्रत्येक कामाची एक ओळ. त्या ओळीत काम किती टक्के झाले तो आकडा. वेळेत असेल तर हिरवा रंग, थोडे मागे असेल तर पिवळा, फार मागे असेल तर लाल. दर सोमवारी सकाळी अकराच्या आत सर्वांनी आकडे भरायचे. शेऱ्याशिवाय सरकारी तक्ता पुरा होत नाही, म्हणून शेऱ्याचाही एक रकाना ठेवला. पण पडद्यावर त्याला जागा उरली नव्हती. तेव्हा तो आत टाकला. एखादे काम उघडून खाली खाली सरकत गेले, की सर्वांत शेवटी तो दिसे.

कंपनीच्या माणसाने एकदा विचारले, "सर, एखाद्याने मागच्या आठवड्यापेक्षा कमी आकडा भरला तर घ्यायचा का?"

मी म्हणालो, "बांधलेली भिंत कमी कशी होईल? घेऊ नका."

हे उत्तर माझे आहे. त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

त्या तीन आठवड्यांत, रोज उन्हात कामावर उभे राहणारा एकही अभियंता आम्ही त्या खोलीत बोलावला नाही. त्यांच्यासाठी एक परिपत्रक काढले: काही सूचना असल्यास सात दिवसांत कळवाव्यात. कुणी काही कळवले नाही. आठव्या दिवशी मी फाइलवर 'क्षेत्रीय अधिकाऱ्यांची हरकत नाही' असे लिहिले आणि ते खरेच आहे असे मानले.

प्रणाली सुरू झाली. सोमवारच्या आढावा बैठकीत भिंतीवर तक्ता दिसे आणि वरिष्ठांची नजर आधी लाल ओळींवर जाई. मग त्या अभियंत्याला फोन लावला जाई, सर्वांना ऐकू येईल असा. "लाल का आहे?" एवढाच प्रश्न असे, पण वीस माणसांच्या देखत. दोन महिन्यांत लाल रंग नाहीसा झाला. इमारती आठवड्याला तीन टक्क्यांनी वाढू लागल्या. दिवाळीच्या आठवड्यात वाढल्या. गवंडी सोयाबीन काढायला आपापल्या गावी गेले तेव्हाही वाढल्या. त्यात काही चमत्कारिक आहे हे माझ्या लक्षात यायला हवे होते. पण सर्वांनी वेळेवर आकडे भरले आहेत, एकही ओळ रिकामी नाही, यालाच मी प्रणालीचे यश समजत होतो आणि तसे वरती कळवतही होतो.

किनवटला आमचे एक शाखा अभियंता होते. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले, बौद्ध कुटुंबातले. वडील मजुरी करत. कार्यालयातली धाकटी माणसे त्यांना किनवटचे काका म्हणत. बोलायला कमी, मोजमापाला चोख. अशा माणसाविषयी वरिष्ठांना फारशी माहिती नसते, कारण त्याच्या कामात तक्रार नसते.

त्यांच्याकडे जंगलातल्या एका खेड्यात मुलींच्या वसतिगृहाचे काम होते. ते बहात्तर टक्क्यांवर आले असताना त्यांना वरच्या मजल्याच्या काही खांबांचा संशय आला. ठोकून पाहिले तर काँक्रीट आतून पोकळ निघाले. त्यांनी ठेकेदाराला चार खांब आणि त्यांच्यावरचा स्लॅबचा भाग तोडायला लावला. असे करायला धैर्य लागते. मी स्वतः माझ्या उमेदीच्या काळात ते प्रत्येक वेळी दाखवले असे म्हणवत नाही. तोडल्यावर झालेले काम उरले अठ्ठावन्न टक्के. त्यांनी सोमवारी प्रणालीत अठ्ठावन्न हा आकडा भरला. प्रणालीने तो घेतला नाही. पुन्हा भरला, पुन्हा नाकारला. शेवटी जुना बहात्तर तसाच राहू दिला आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात, जे खरे होते ते लिहिले. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिले. त्याच्याही पुढच्या.

मला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही. आमच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, कंत्राटी नेमणुकीवरच्या. बैठकीचे कागद त्याच काढून देत. एका सोमवारी कागद माझ्यापुढे ठेवताना त्या म्हणाल्या, "सर, किनवटच्या काकांनी शेऱ्यात काहीतरी लिहिलंय. तीन आठवडे झाले."

"शेरे नंतर बघू. बैठकीला पाच मिनिटं राहिलीत."

बैठक झाली. नंतर मी पाहिले नाही.

ऑगस्टमध्ये वरून तपासणीसाठी आलेले पथक नेमके त्याच वसतिगृहावर गेले. प्रणाली बहात्तर सांगत होती आणि इमारत अठ्ठावन्नावर उभी होती. पथकप्रमुखांनी मला सर्वांसमोर विचारले, "ही तुमची प्रणाली?" मला फार लाज वाटली आणि त्या लाजेतच मी किनवटला खुलासा मागवणारे पत्र पाठवले. उत्तर आले. नाव, पद, संदर्भ क्रमांक आणि खाली दोन शब्द: 'शेरा पाहावा.'

मला तो उद्धटपणा वाटला. कुठला शेरा, कशाचा शेरा, हे विचारायला एक फोन पुरला असता. मी 'खुलासा असमाधानकारक' असे लिहून कागद फाइलीत लावला. त्या वर्षी त्यांच्या लगतच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पद रिक्त होते, म्हणून मार्च संपल्यावर त्यांचा गोपनीय अहवाल मलाच लिहावा लागला. ते चार शब्द मी तेव्हा लिहिले. अहवालाची प्रत त्यांना मिळाली. त्याविरुद्ध त्यांना दाद मागता आली असती. त्यांनी मागितली नाही आणि मी समजलो की त्यांना मान्य आहे. परिपत्रकाच्या वेळीही मी असेच समजलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात त्याच बाई एकदा म्हणाल्या, "सर, किनवटचं सगळं हिरवं झालंय."

"चांगलंच आहे की."

"काका आता शेरा लिहीत नाहीत. आधी दर सोमवारी लिहायचे. मी वाचायची."

"काय लिहायचे?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी उभ्यानेच वाचले. 'चार खांब तोडायला लावले. प्रत्यक्षात अठ्ठावन्न. आकडा खाली जात नाही.' मग पुढच्या आठवड्याचा: 'मागील शेऱ्याप्रमाणे. आकडा अजूनही खाली जात नाही.' आणि सर्वांत शेवटचा, तपासणीच्या आदल्या सोमवारचा: 'कोणी वाचत असल्यास कृपया फोन करावा.'

"तुम्ही मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हो सर." एवढे बोलून त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. त्यांच्यापुढे दुसरे काम होते.

चार दिवसांनी मी नांदेडमार्गे गाडीने किनवटला गेलो. त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. कार्यालयाला कुलूप होते. शिपायाने सांगितले की बाजाराच्या दिवशी साहेब समोरच्या हॉटेलात बसतात. हॉटेल म्हणजे चहाचे. तिथे ते बाकावर वही घेऊन बसले होते आणि त्यांच्याभोवती सात-आठ मुकादम, गवंडी आणि एक सरपंच उभे होते. बाजाराला खेड्याखेड्यातली माणसे उतरत. शिवाय मोबाइलची रेंज या भागात फक्त तालुक्याच्या गावी. त्यामुळे सगळ्या कामांची खबर आठवड्यातून एकदा, आपण होऊन, त्या बाकापाशी येई.

"या साहेब, बसा," ते म्हणाले. "आज बाजार हाय, म्हनून समदे हितंच घावतेत."

एक मुकादम मला म्हणाला, "काका आमाला बाजारात बी सोडत न्हाईत, साहेब. भाजी घ्यायच्या आधी भिंत किती झाली ते सांगावं लागतंय."

"भाजी सांजपातूर टिकती," ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "तुझ्या भिंतीचा भरवसा न्हाई, म्हनून आधी इचारतो."

सगळे हसले. मुकादमही हसला आणि मग त्याने भिंत किती झाली ते सांगितले. खिडक्यांच्या वर गेली नव्हती.

मी विचारले, "पण नोंद तर सोमवारी भरायची असते ना?"

"हाव. सोमवारी बाजारचंच भरतो. चार-पाच दिवसांचं शिळं. सोमवारी सकाळी अकराला कोन येनार हाय मला सांगायला?"

मी सोमवार निवडला होता, कारण बैठक सोमवारी होती. हळूहळू माणसे पांगली. चहा आला. मी म्हणालो, "मी तुमचे शेरे वाचले."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

"मंजे वरीस झालं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मोजमाप सांगावे तसे त्यांनी ते सांगितले.

"अहवालाविरुद्ध तुम्ही दाद का मागितली नाही?"

"कुनाकडं मागायची? कागद फिरून तुमच्याकडंच येनार. ज्यानं लिवलं त्यालाच इचारायचं व्हय, का लिवलं म्हनून?"

"आणि आता शेरा का लिहीत नाही?"

"खरं लिवून खोटा ठरलो. आता समदे भरतेत तसं भरून राहिलो. आठवड्याला तीन. तुमी बी खूश, मशीन बी खूश."

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षेही उरली नव्हती. उपअभियंता पदाच्या बढतीसाठी त्यांचे नाव विचारात येणार होते, आणि माझे ते वाक्य अहवालात असेपर्यंत समिती त्यांना घेणार नव्हती. मी तसे बोलू लागलो तेव्हा त्यांनी हाताने थांबवले.

"यादीचं ऱ्हाऊ द्या. मिळाली तर घिऊ. पर त्यो 'खोटी' शब्द तेवढा काढा साहेब. माझ्या बापानं जलमभर आंगठाच लावला. आमच्या घरात कागदावर पयली सही माझी हाय."

मी म्हणालो की महिन्याच्या आत काढतो.

लातूरला परतल्यावर मी आणि त्या बाई दोन दिवस सगळ्या कामांचे जुने शेरे वाचत बसलो. मला वाटले होते, शेरे लिहिणारे ते एकटेच असतील. तसे नव्हते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही लिहिले होते. 'पुलावरून पाणी, ट्रॅक्टर येत नाही.' 'खिडक्या मागवून दोन महिने झाले, विचारणा व्हावी.' 'नकाशात जिना आहे तिथे प्रत्यक्षात विहीर आहे.' मुखेडच्या एका तरुण अभियंत्याने लिहिले होते, 'गवंडी मिळत नाहीत, ओळखीचे असल्यास सुचवावे.' मग हळूहळू शेरे आखूड होत गेले. मग रिकामे. परिपत्रकाला ज्यांनी उत्तर दिले नव्हते तीच ही माणसे. बोलायला जागा मिळाली तेव्हा ती आम्हाला सारे सांगत होती. तीन महिने वाट पाहून गप्प झाली. आणि ज्या आठवड्यांत ती गप्प होत गेली, त्याच आठवड्यांत आमचा तक्ता हिरवा होत गेला होता.

मी आमच्या वरिष्ठांकडे गेलो. घडले ते सांगितले आणि अहवालातले वाक्य चूक माझी म्हणून काढून टाकावे, असे पत्र देतो म्हणालो. ते स्वभावाने वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही लिहिणार की प्रणाली खरा आकडा घेत नव्हती. तीच प्रणाली आपण दोन महिन्यांनी मुंबईत दाखवणार आहोत. इतर विभागांनी ती घ्यावी म्हणून. थोडं थांबा. तेवढं होऊन जाऊ द्या, मग लिहा."

मी थांबलो. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. मी त्याच दिवशी पत्र आवकमध्ये दिले असते तर ते कुणी परत केले नसते. पण मुंबईतले ते सादरीकरण माझे होते. तीन आठवड्यांच्या त्या खोलीपासून ते माझे होते आणि ते डागाळावे असे मला वाटत नव्हते. मी स्वतःला समजावले की दोन महिन्यांनी काय बिघडणार आहे. बढतीच्या समितीची बैठक त्याच दोन महिन्यांत होती. तारीख मला माहीत होती.

मुंबईत कार्यक्रम चांगला झाला. मी पडद्यावर हिरवा तक्ता दाखवला आणि क्षेत्रीय अधिकारी प्रणाली नियमितपणे वापरतात असे सांगितले. एका अधिकाऱ्याने विचारले, "ते मनापासून वापरतात की सक्तीने?" मी म्हणालो, "मनापासून." त्याच आठवड्यात समिती बसली. पुढे यादी लागली. तीत किनवटच्या काकांचे नाव नव्हते. त्या बाईंनी यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या आपल्या जागेवर परत गेल्या.

मग मी पत्र लिहिले. आधी लिहिले असते तर त्यात एकच चूक सांगावी लागली असती. आता दोन होत्या, आणि दुसरी मी पत्रात लिहिली नाही. ती इथे लिहितो आहे. पत्र लातूरहून वर गेले, प्रश्न विचारत खाली आले, पुन्हा वर गेले. या साऱ्यात वर्षाहून अधिक काळ गेला.

मधल्या काळात आम्ही प्रणाली दुरुस्त केली. आकडा खाली जाऊ लागला. नोंदीचा वार प्रत्येक तालुक्यावर सोडला. बहुतेकांनी आपापल्या बाजाराचा दिवस घेतला. बैठकीत सर्वांदेखत फोन लावणे बंद करावे यासाठी मात्र वरिष्ठांशी तीनदा बोलावे लागले. शेऱ्याचा रकाना आतून काढून पहिल्या पानावर, आकड्याच्या शेजारी आणला. हे सगळे करूनही पहिला महिनाभर कुणी काही लिहिले नाही. मग त्या बाईंनी मला विचारले, "सर, मी फोन करू का एकेकाला?" माझ्याकडून फक्त होकार हवा होता.

मुरुडच्या अभियंत्याने कसाबसा एक शेरा लिहिला, की दारे आली नाहीत. बाईंनी पुरवठादाराला त्याच दिवशी फोन केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, आणि त्याच आठवड्यात दारे पोचली. ही बातमी कोणत्याही परिपत्रकाहून जोरात फिरली. 'लातूरला बाईला लिवलं की काम होतंय,' असे एक अभियंता दुसऱ्याला सांगताना मी स्वतः ऐकले. प्रणालीला ते प्रणाली म्हणतच नव्हते. बाईला लिहिणे म्हणत होते. त्यांना शेवटी तेवढेच हवे असावे: आपण लिहिलेले कुणी तरी वाचते आणि त्यातून आपल्या कामावर काही उतरते. पडद्याचे रंग, टक्के, आलेख यांवर मी इतके दिवस घालवले. त्यांतले काहीही कुणी माझ्याकडे मागितले नव्हते. आजही दोघेजण नेमाने आठवड्याला तीन टक्के भरतात. त्यांचे मन मला वळवता आलेले नाही.

किनवटहून पुन्हा शेरे येऊ लागले. बाईंनी त्यांनाही फोन केला होता. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. वसतिगृहाचे खांब पुन्हा उभे राहिले, मुली राहायला आल्या, तेव्हा त्यांनी लिहिले होते: 'काम पूर्ण. मोरीला पाणी तुंबते, पाहतो आहे.'

त्यानंतर ते निवृत्त झाले, शाखा अभियंता म्हणूनच. मधल्या महिन्यांत समितीची दुसरी बैठक झाली नाही. निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात शासनाचे पत्र आले. ते टपालाने पाठवता आले असते. मी लातूरहून एसटीने मुखेडला गेलो आणि तिथून त्यांच्या गावी.

ते ओसरीवर होते. त्यांच्या पत्नीने पाणी आणून दिले आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. मी पत्र दिले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि पत्नीला म्हणाले, "त्यो शेरा काढला म्हनून आलंय."

"एवढं लिवायला लई दिवस लागले व्हय?" त्या मला म्हणाल्या. "एवढ्या दिसात तर घर बांधून व्हतंय."

"सरकारी घर न्हाई बांधून व्हत," ते म्हणाले आणि पुन्हा पत्राकडे वळले. थोड्या वेळाने त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. 'सदर प्रतिकूल शेरा अहवालातून वगळण्यात येत आहे,' अशी ती ओळ होती.

"वगळला हाय, साहेब. पर खोटी व्हती का खरी, ते कुठं लिवलंय?"

मी पत्र हातात घेऊन पाहिले. कुठेच लिहिलेले नव्हते. ते तिथे लिहायचे असते हे मलाही सुचले नव्हते. वाक्य निघाले होते. त्याच्या जागी काहीही आले नव्हते.

"शासनाच्या पत्रात तसं लिहीत नाहीत," मी म्हणालो.

"मग तुमी लिवा की. तुमीच लिवलं व्हतं."

त्यांनी आतून कोरा कागद आणि पेन आणले. मी ओसरीवर बसून लिहायला घेतले. नोंद खरी होती. प्रणाली तो आकडा घेत नव्हती. शेऱ्यात खरी स्थिती नमूद होती. मला वेळेवर सांगण्यात आले असूनही मी शेरा वाचला नाही. त्यापुढे मी लिहिले की ते अतिशय प्रामाणिक अधिकारी आहेत, आणि झाल्या प्रकाराबद्दल मला मनःपूर्वक खेद वाटतो.

त्यांनी कागद वाचला आणि शेवटच्या दोन वाक्यांखाली नखाने रेघ ओढली.

"हे काढा. मी चांगला मानूस हाय का न्हाई, ते तुमी कशाला लिवता? ते गावाला म्हाईत हाय. आन् खेद काय, तोंडानं सांगा. कागदावर नोंद ऱ्हाऊ द्या."

मी तोंडाने सांगितले. समिती कधी बसणार हे मला ठाऊक होते आणि तरी मी थांबलो, हेही सांगितले. त्यांनी हातातल्या कागदाची घडी घालून तो बाजूला ठेवला. त्यांच्या पत्नी आत निघून गेल्या. मग ते म्हणाले, "दुसरा कागद घ्या. सुटसुटीत लिवा."

मी दुसरा कागद लिहिला. त्यात खालची दोन वाक्ये नव्हती. त्यांनी वाचला, मला पदनामासह सही करायला लावली, तारीख घालायला लावली. मग चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले. मुखेडच्या बसस्थानकाजवळ झेरॉक्सचे दुकान आहे, तिथवर यायचे म्हणाले. मूळ कागद त्यांनी स्वतःजवळ ठेवला आणि झेरॉक्स माझ्या हातात दिली.

"ही हापिसात लावा माझ्या फाइलीला," ते म्हणाले. "आन् आवक नंबर टाकून घ्या. न्हाईतर ऱ्हाईल तुमच्या खिशात."

बस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्यालय उघडताच, मी आवक विभागात जाऊन त्या कागदावर नंबर टाकून घेतला आणि तो नंबर त्यांना फोनवर कळवला. त्यांनी तो लिहून घेतला आणि बरोबर लिहिला आहे ना, म्हणून मला परत वाचून दाखवला.